नोंद झाली

"ताई, तुमच्या त्या कॉम्प्युटरला कुणीतरी समजावून सांगा. दूध कुणासाठी थांबत नसतंय."

तानाजी चौगुले टँकरच्या पाठीवर बादलीनं पाणी मारत होता आणि मारता मारता मला सुनावत होता. मे महिन्यातलं ऊन. स्टीलच्या टाकीवर पडलेलं पाणी खाली ओघळायच्या आत वाळून जात होतं. त्याच्या मागं टँकरची रांग दूध संघाच्या फाटकातून बाहेर पडून थेट रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती, आणि रांगेतले सगळे ड्रायव्हर एकसाथ हॉर्न वाजवत होते.

"होतंय दादा, थोडा वेळ द्या," मी म्हणाले.

"सकाळधरनं हेच म्हणायलाय तुम्ही. आमच्या वाडीवरच्या बायका पहाटे उठून धारा काढतात. त्यांना काय सांगू? पुण्याची माणसं थोडा वेळ मागत्यात म्हणून?"

मी मान खाली घातली आणि आत पळाले.

आज मी स्वतः नव्या मुलांना कामाला लावते, त्यांच्या चुका काढते, वर चार गोष्टी ऐकवते. तेव्हा मी त्यांच्यासारखीच होते, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. गिरजाई तालुका दूध संघाची सगळी यंत्रणा आमच्या कंपनीनं नव्यानं बांधली होती. गावोगावच्या दूध संस्था, त्यांचे सभासद, टँकर, तपासणी, सगळं तिच्यात होतं. तो तिचा पहिला दिवस. आदल्या संध्याकाळी नारळ फुटला होता, अध्यक्षांचं लांबलचक भाषण झालं होतं आणि जुनी रजिस्टरं कपाटात जाऊन वर कुलूप बसलं होतं. आमचा प्रमुख पराशर कानिटकर आणि मी, दोघांनी दिवसभर तिथं हजर राहायचं, चहा प्यायचा, कुणी काही विचारलं तर सांगायचं आणि संध्याकाळी पुण्याला परतायचं, एवढंच ठरलेलं. सकाळचा पहिला चहा टेबलावर तसाच राहिला.

संघाचा एक नियम होता. टँकर आला की त्यात ज्या ज्या संस्थांचं दूध असेल त्या प्रत्येकीचा वेगळा नमुना प्रयोगशाळेत जायचा. तपासणीचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. पडद्यावर 'नोंद झाली' अशी हिरवी पट्टी आल्याशिवाय टँकरला पाइप लावायचा नाही. हा नियम प्लांट मॅनेजर आप्पासाहेब मगदूम यांचा. दोन वर्षांपूर्वी गर्दीच्या दिवशी 'नोंद मागनं करू' म्हणून एक टँकर तसाच उतरवला होता. कुठल्याशा संस्थेत कुणीतरी दुधात काहीबाही मिसळलेलं होतं. वास ठीक होता, उकळल्यावर फाटलं नव्हतं. त्या संस्थेचे त्या दिवसाचे आकडे मात्र तिच्या रोजच्या आकड्यांपेक्षा भलतेच होते, आणि ते वेळेवर कुणी ताडून पाहिले नाहीत. पिशव्या भरून गेल्या. एका अंगणवाडीतली मुलं आजारी पडली आणि एक मुलगी गेली.

मगदूम त्या मुलीच्या घरी जाऊन आले. परत आल्यावर अध्यक्षांशी, संचालकांशी, सगळ्यांशी भांडून त्यांनी ही यंत्रणा मंजूर करून घेतली. आकडे भरले की मशीननं स्वतःच त्या संस्थेचे मागचे आकडे काढायचे, ताडून बघायचे आणि वेगळं वाटलं तर लाल दाखवायचं, ही त्यांची मुख्य मागणी. नेमकी तीच आमच्या मुळावर आली.

सर्व्हरच्या खोलीत पराशर पडद्यासमोर उभा होता. खुर्ची असून बसत नव्हता. कंपनीतला सगळ्यात हुशार माणूस. मला कामातलं जे काही येत होतं ते त्यानं शिकवलेलं, आणि तेही एकदाही आवाज न चढवता. आज त्याच्या कपाळावर घाम होता.

"आणखी हळू झालंय," तो म्हणाला. "एकेका नमुन्याला चार-चार मिनिटं लागतायत."

पराशरची रचना कागदावर फार देखणी होती. डेटाबेसमध्ये काय, कुठं, कसं ठेवलंय याचा विचार प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला करावाच लागू नये, ही त्यामागची कल्पना. 'संस्था' म्हटलं की संस्था हजर, तिचे सभासद हजर, तिचे सगळे जुने आकडे हजर. पुण्यात आम्ही मूठभर संस्था आणि महिनाभराचे आकडे घेऊन हे चालवून बघितलं होतं, तेव्हा बटण दाबताक्षणी नोंद व्हायची. इथं सहाशेच्या वर संस्था. शिवाय संघाकडची कित्येक वर्षांची रजिस्टरं मोठ्या हौसेनं आत भरून दिलेली. आता एका नमुन्याचे चार आकडे ठेवायला मशीन त्या संस्थेचा जन्मापासूनचा इतिहास उचलून आणत होतं, आणि ठेवताना सगळाच्या सगळा परत ठेवत होतं. शर्टाला बटण लावायचं म्हणून अख्खं कपाट बाहेर काढावं, तशातली गत. एका टँकरला दहा-बारा नमुने, तेही तीन टेबलांवरून एकदम येणारे. सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून पडले होते.

"पराशर, हे मधलं सगळं बाजूला ठेवू," मी म्हणाले. "मी थेट डेटाबेसमध्ये लिहिणारा तुकडा लिहिते. फक्त चार आकडे ठेवायचे, आणि ताडायला मागचा एक महिना घ्यायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"किती वेळ?"

"तीन तास तरी."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. वर्षभर खपून बांधलेलं काम मी एका वाक्यात बाजूला ठेवायला सांगितलं होतं. त्याला ते लागलं असणार, पण तो एवढंच म्हणाला, "तीन तासांत रांगेतलं सगळं दूध नासेल."

तेवढ्यात मगदूम आत आले. साठीकडं झुकलेला उंच माणूस, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलत होते.

"कानिटकर साहेब, पुढच्या टँकरांचं तापमान चढायला लागलंय. तासाभरानं मला ते घेता येणार न्हाईत. आणि चार वाजता संध्याकाळचं दूध निघतंय. म्हशीला काय सांगू, आज धार देऊ नको म्हणून?"

"आजच्या दिवस जुन्या रजिस्टरात लिहून घेतलं तर?" मी विचारलं.

"लिहून घेतो की. ताडून कोण बघणार, ताई? एवढ्या संस्थांचे मागचे आकडे कपाटातनं काढून? ते जमत नव्हतं म्हणून तर तुम्हाला आणलं." त्यांनी रुमालानं मान पुसली. "संचालकांच्या सभेत मी उभा राहून सांगितलंय, ह्या मशीननं एक लिटर दूध वाया जाणार न्हाई. माझ्या जिवावर आणलंय हे."

पराशरनं तोंडावरून हात फिरवला. मग खाली ठेवलेल्या दुसऱ्या मशीनकडं बोट दाखवलं. अडीअडचणीला असावं म्हणून आम्ही ते गाडीत टाकून आणलं होतं.

"एक मार्ग आहे. आकडे आले की आधी या मशीनच्या मेमरीत घ्यायचे आणि लगेच 'नोंद झाली' दाखवायचं. मग हे मशीन मागच्या मागं सावकाश एकेक नोंद डेटाबेसमध्ये लिहीत बसेल, ताडून बघत बसेल. रांग थांबणार नाही."

मगदूम त्याच्याकडं बघतच राहिले. "म्हणजे नोंद मागनं."

"नोंद लगेच होतेय. पक्की व्हायला तेवढा वेळ लागेल. तोवर दूध कुठं असेल?"

"सिलोत, मागच्या मोठ्या टाकीत."

"पिशव्या कधी भरायच्या?"

"रात्रपाळीत."

"त्याच्या आत सगळं ताडून झालेलं असेल. एखादं लाल निघालं तर सिलो अडवायचा. एक पिशवीसुद्धा बाहेर जाणार नाही."

बाहेर हॉर्नचा नुसता गदारोळ चालला होता. मगदूम खिडकीशी गेले, परत आले.

"आणि पक्की व्हायच्या आत हे मशीन विसरलं तर?"

"वीज गेली तरच विसरेल. इथं वीज जाते?"

"जाते की. पण जनरेटर हाय. आपोआप लागतोय, कुणी हात लावायला नको."

"मग झालं तर."

"पराशर," मी म्हणाले, "मेमरीतलं निदान बाजूच्या एका फाइलमध्ये उतरवत जाऊ. थोडं हळू होईल, पण..."

"उल्का, आत्ता हळू नको. आधी रांग हलू दे. नंतर तू म्हणशील ते करू."

आम्ही दोघं मगदूमांकडं बघत राहिलो. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेले त्यांचे हात मला दिसत होते, बोटं पांढरी पडली होती. तेवढ्यात बाहेर कुणीतरी कुणाला तरी शिवी हासडली आणि एक टँकर रांगेतून बाजूला निघाला, नासलेलं दूध घेऊन परत चाललेला.

"करा," मगदूम म्हणाले.

वीज गेली तरी सर्व्हर चालू राहावा म्हणून खाली बॅटरीचा डबा होता; दुसरं मशीन त्याला जोडताच तो किंचाळायला लागला. दोन मशीनचा भार त्याला पेलवत नव्हता. पराशरनं नव्या मशीनची पिन काढली आणि भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये घातली. किंचाळणं बंद झालं.

मग जे झालं ते डोळ्यांवर विश्वास बसणार नाही असं होतं. प्रयोगशाळेत शबाना मुजावर ही संघाची केमिस्ट सकाळपासून हाताची घडी घालून पडद्यासमोर बसली होती. तिनं आकडे भरले, बटण दाबलं आणि पट्टी लगेच हिरवी. तिनं माझ्याकडं वळून बघितलं. दुसरा नमुना, हिरवी. तिसरा, हिरवी.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे सकाळीच का केला न्हाईसा?"

तिचा हात यंत्रासारखा चालायला लागला. नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडे भरायचे, हिरवी पट्टी आली की बाटली मोरीत ओतायची आणि धुवायला टाकायची. बाटल्या कमी, टँकर जास्त, म्हणून नोंद झाली की बाटली मोकळी करायची, अशी तिथली पद्धतच होती. आवारात चारही पाइप एकदम लागले. सिद्राम नावाचा पंपवाला गमबूट घालून एका टँकरकडून दुसऱ्याकडं पळत होता. तानाजी चौगुल्याचा टँकर रिकामा झाला तेव्हा त्यानं लांबूनच मला हात जोडले. मघाशी माझा जीव नकोसा करणारा माणूस आता तोंडभर हसत होता. मगदूमांनी स्वतः आमच्यासाठी चहा आणला आणि या खेपेला आम्ही तो प्यालो.

मी मात्र पडद्यावरचे दोन आकडे बघत होते. मेमरीत वाट बघणाऱ्या नोंदी भराभर वाढत होत्या. पक्क्या लिहून झालेल्या नोंदी एखाद्या म्हाताऱ्या माणसासारख्या एकेक पायरी चढत होत्या.

"हे रात्रपाळीपर्यंत संपत नाही, पराशर."

"मलाही दिसतंय," तो म्हणाला. "तुझा तो थेट लिहिणारा तुकडा आत्ताच लिहायला घे. तो झाला की मेमरीतलं सगळं त्यातून भराभर उतरवू. अर्धा मी लिहितो."

आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. त्या दोन-अडीच तासांइतकं चांगलं काम मी आयुष्यात क्वचितच केलं असेल. पराशर स्वतःचीच रचना हातानं सोडवत होता, मधूनच "हे कशाला घातलं होतं मी?" म्हणून हसत होता. रांग संपत आली. आमचंही संपत आलं होतं. शेवटची एक चाचणी राहिली होती.

आणि दिवे मंदावले.

चार पंप त्या प्लांटमध्ये एकदम कधी चाललेच नव्हते. सकाळचं दूध नेहमी ओळीनं, निवांत यायचं. आज सगळ्या टँकरांची तोंडं एकाच वेळी उघडली होती, आणि तेवढं कोमट दूध थंड करायला गार करणारी यंत्रंही सगळी एकदम लागली होती. एवढा भार विजेला पेलवेना; पंपांचा आवाज खाली खाली गेला आणि सगळं गप्प झालं. आम्ही काही बोलायच्या आत मागच्या शेडमधून जनरेटर गुरगुरला, दिवे लागले, पंप परत सुरू झाले. आवारात कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. सिद्रामनं तर पाइपवरचा हातही काढला नाही.

त्यांच्या लेखी वीज गेलीच नव्हती. क्षणभर पंप थांबला तर दूध आहे तिथंच राहतं, परत चालू झाला की वाहायला लागतं. मगदूमांनी 'जनरेटर आपोआप लागतो' म्हणून सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. लागायला मध्ये किती वेळ जातो, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

भिंतीच्या सॉकेटवरचं मशीन टुण्‌ आवाज करून नव्यानं सुरू होत होतं. पराशरनं पुढं होऊन पडदा बघितला. वाट बघणाऱ्या नोंदी, शून्य.

"रिकामं आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी प्रयोगशाळेकडं पळाले. वाटेत मनात एकच चाललं होतं, बाटल्या असतील, काही बाटल्या तरी असतील. मोरीच्या कट्ट्यावर बाटल्या ओळीनं उपड्या घातल्या होत्या, धुतलेल्या, लखलखीत.

"शबाना, नमुने?"

"ओतलो की." तिला माझा चेहरा बघून भीती वाटली असावी. "नोंद झाली आली होती, मॅडम. हिरवी आली होती. प्रत्येक वेळी पट्टी बघूनच ओततो मी."

"आकडे कुठं लिहून ठेवलेत?"

"कशात लिहू? रजिस्टर काल कुलपात घातलंय तुम्हीच."

पराशर आणि मगदूम माझ्या मागोमाग आले होते. मगदूमांना पराशरनं सांगितलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. ते शबानाच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"सिलोतला नमुना काढून तपासला तर?" मी म्हणाले.

शबानानं मान हलवली. "एवढ्या दुधात एका संस्थेचं मिसळलं की काय दिसत न्हाई. त्या वेळी पण सिलोचा नमुना पासच होता. मीच केला होता."

बाहेर आवारात ड्रायव्हर लोकांचा हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता.

"शबाना, तुला वेगळं काही जाणवलं का?" मगदूमांनी विचारलं. "एखाद्या नमुन्यात?"

"वास, आम्लता, उकळणं, सगळं ठीक होतं, साहेब. तेवढं मी सांगतो. पण कुणाचा आकडा रोजच्यापेक्षा वेगळा हाय, हे मी कसं सांगू? ते मशीन बघणार होतं."

तेव्हा पराशर बोलला. एका दमात, कुणाकडंही न बघता बोलला.

"हे बघा, आपल्याकडं कालचे आकडे आहेत. प्रत्येक संस्थेचे. ते थोडे थोडे हलवून आजचे म्हणून भरता येतील. उल्काचा तुकडा तयार आहे, पाच मिनिटांचं काम. सगळे हिरवे येतील. दूध चांगलंच आहे हो. रोज चांगलं असतं, आजच कशाला वाईट असेल? एका वाईट दिवसासाठी हे सगळं गटारात घालायचं?" आणि शेवटी अगदी लहान मुलासारखा म्हणाला, "प्लीज."

मला त्याचा राग आला नाही. नुसतं रडू यायला लागलं. ज्या माणसानं मला एक स्वल्पविरामसुद्धा खोटा टाकू दिला नव्हता, तो हे बोलत होता.

"त्या आकड्यांखाली माझं नाव येतंय," शबाना म्हणाली. "तपासणार, श. मुजावर. दोन वर्षांपूर्वी पण तेच होतं. पोलीस माझ्या घरी आले होते." आणि ती उठून मोरीकडं तोंड करून उभी राहिली.

मगदूमांचा फोन वाजला. अध्यक्ष होते. फोनमधला आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी आधीच कळवलं असावं. अध्यक्ष आधी समजुतीनं बोलले, मग चढ्या आवाजात. सिलोत सगळ्या तालुक्याचं सकाळचं दूध आहे, याची कल्पना आहे का? संस्थांना काय तोंड दाखवायचं? शेवटी म्हणाले, "मगदूम, ते दूध गटारात सोडलंत तर उद्यापासून यायचं न्हाई. निवृत्तीची वाट बघायला नको."

"बरं," मगदूम म्हणाले आणि फोन खिशात घातला.

मग माझ्याकडं वळून विचारलं, "ताई, हे कानिटकर साहेब म्हणतात तसे आकडे भरले, तर उद्या कुणी मशीन उघडून बघितल्यावर कळंल? कुठले खरे, कुठले भरलेले?"

"नाही," मी म्हणाले. "सारखेच दिसतील."

त्यांनी मान डोलावली. "आणि संध्याकाळच्या दुधाला तुमचं ते नवं चालंल?"

"चालेल. शेवटची चाचणी राहिलीय."

"तेही मागनं लिहिणार का?"

"नाही. आधी लिहील, ताडून बघेल, मगच पट्टी हिरवी होईल. सकाळच्यासारखा वेळ लागणार नाही."

"मग तेवढं करून द्या. सिलो मोकळा लागंल."

ते उठून बाहेर पडले. पराशर तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. तो त्यानंतर वर्षभरानं कंपनी सोडून गेला. आता एका कॉलेजात शिकवतो आणि चांगलं शिकवतो म्हणतात. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मगदूमांच्या मागं गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. त्यांना एकट्याला जाऊ द्यावंसं वाटलं नाही, एवढंच.

सिलोच्या वाटेवर तानाजी चौगुले उभा होता. त्याला काहीतरी कुणकुण लागली होती.

"काय झालं, ताई? दूध सोडणार म्हणत्यात. आमच्या वाडीचं खराब निघालं काय?"

"माहीत नाही, दादा."

"म्हणजे चांगलं होतं?"

"तेही माहीत नाही."

"मग काय ओ सांगू घरोघर?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात सकाळचा राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. मी पुढं गेले.

सिलो दोन मजली घराएवढा उंच होता. त्याच्या सावलीत गार वाटत होतं. बुंध्याशी नमुना काढायची छोटी तोटी होती आणि तिच्या शेजारी मोठ्या चाकाचा व्हॉल्व्ह. त्यातून पाइप थेट सांडपाण्याच्या टाक्यांकडं जायचा. सिद्राम तिथं उभा होता. मगदूमांनी त्याच्या पाण्याच्या तांब्यावरचा पेला उचलला, तोटीखाली धरला आणि काठोकाठ भरला. एक क्षण पेल्याकडं बघितलं. मग मान मागं टाकून सगळं दूध एका दमात प्यायले.

"साहेब!" मी ओरडले.

त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूनं मिशा पुसल्या. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "एकदम चांगलं हाय." पेला परत तांब्यावर ठेवला. "सिद्राम, सोड."

"सगळं, साहेब?"

"सगळं."

सिद्राम त्यांच्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं पायातले गमबूट काढून बाजूला ठेवले, चाकाला हात लावून कपाळाला लावला, आणि व्हॉल्व्ह फिरवला.